विश्लेषण : माओरी बाळांसाठी विणलेली टोपली का महत्त्वाची ठरली?

रात्री दूध पिऊन झोपलेले धडधाकट बाळ सकाळी उठतच नाही आणि शवविच्छेदनातही ठोस कारण सापडत नाही. न्यूझीलंडमधील मूळ रहिवासी असलेल्या माओरींच्या घरांत अशा आकस्मिक अर्भकमृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा कित्येक पट अधिक आहे. ‘बाळाला अंथरुणात घेऊ नका’ हा सल्ला तिथे फारसा रुजला नाही, पण पानांनी विणलेली एक टोपली मात्र घरोघरी स्वीकारली गेली. असे का झाले?

आकस्मिक अर्भकमृत्यू म्हणजे काय?

एक वर्षाच्या आतील बाळाचा झोपेत, अनपेक्षितपणे झालेला मृत्यू म्हणजे आकस्मिक अर्भकमृत्यू. काही प्रकरणांत श्वास कोंडल्याचे स्पष्ट होते, तर काहींत कारण कळतच नाही. पहिल्या सहा महिन्यांत धोका सर्वाधिक असतो. निरोगी बाळाला श्वास अडखळला की जाग येते आणि ते मान वळवते. गर्भात असताना आईच्या धूम्रपानाचा परिणाम झालेल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ही जाग येण्याची क्षमता कमी असते. असे बाळ पालथे झोपले किंवा मऊ गादीत तोंड रुतले, तर ते स्वतःला सोडवू शकत नाही.

न्यूझीलंडने काय शोधले?

१९८० च्या दशकात न्यूझीलंडमधील या मृत्यूंचे प्रमाण विकसित देशांत सर्वाधिक होते. १९८७ ते १९९० दरम्यान तिथे देशव्यापी अभ्यास झाला. बाळाला पालथे झोपवणे, आईचे धूम्रपान आणि अंगावर न पाजणे हे प्रमुख धोके असल्याचे त्यातून पुढे आले. १९९१ मध्ये ‘बाळाला पालथे झोपवू नका’ अशी मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मात्र माओरी कुटुंबांत ही घट बरीच संथ होती.

सल्ला माओरींपर्यंत का पोहोचला नाही?

बाळाला कुशीत घेऊन झोपणे ही माओरींची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. त्यात माया आहे आणि रात्री पाजण्याची सोयही आहे. त्याच वेळी युरोपीयांनी आणलेल्या तंबाखूचे व्यसन या समाजात खोलवर रुजले होते. गर्भारपणातील धूम्रपान आणि एकाच अंथरुणातील झोप या दोन गोष्टी एकत्र आल्या की धोका अनेक पटींनी वाढतो. आरोग्य यंत्रणेने मात्र ‘एकत्र झोपू नका’ एवढेच सांगितले. ज्या घरात वेगळा पाळणा नाही किंवा तो ठेवायला जागा नाही, तिथल्या आईने काय करायचे, याचे उत्तर त्या सल्ल्यात नव्हते.

टोपलीने काय साधले?

माओरी डॉक्टर डेव्हिड टिपेने-लीच यांनी गिसबर्न भागातील विणकर स्त्रियांच्या मदतीने २००६ च्या सुमारास ‘वहाकुरा’ पुढे आणला. हाराकेके या लांब पात्यांच्या वनस्पतीपासून विणलेली ही सपाट तळाची टोपली आई-वडिलांच्या अंथरुणातच ठेवता येते. बाळ आईच्या हाताशी राहते, पण त्याची जागा स्वतंत्र असते. २०११ च्या ख्राइस्टचर्च भूकंपानंतर ‘पेपी-पॉड’ हा प्लास्टिकचा स्वस्त पर्यायही मोठ्या प्रमाणावर वाटला गेला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये तो आदिवासी कुटुंबांपर्यंत नेण्यात आला.

प्रामुख्याने माओरी असलेल्या २०० मातांवरील चाचणीत टोपली पाळण्याइतकीच सुरक्षित आढळली. शिवाय सहाव्या महिन्यात पूर्णपणे अंगावर पिणाऱ्या बाळांचे प्रमाण टोपलीच्या गटात सुमारे दुप्पट होते. २००९ ते २०१५ या काळात एक आठवडा ते एक वर्ष वयाच्या बाळांचा मृत्युदर देशभरात २९ टक्क्यांनी घटला. यात माओरी बाळांचा वाटा मोठा होता. सारे श्रेय टोपलीचे नाही. ती देताना सुरक्षित झोपेची माहिती सांगितली जात होती, हेही महत्त्वाचे.

मग प्रश्न सुटला का?

नाही. २०१७ मध्ये सरकारने २०२५ पर्यंत हे प्रमाण हजारी ०.१ पर्यंत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, पण घट पुढे टिकली नाही. टोपली झोपेची जागा सुरक्षित करते. आईचे धूम्रपान, दाटीवाटीची घरे आणि गरिबी तिच्या आवाक्याबाहेरच राहतात. नव्या पिढीला तंबाखूविक्रीच बंद करणारा २०२२ चा कायदा नव्या सरकारने २०२४ मध्ये अमलात येण्याआधीच रद्द केला. त्याच वर्षी माओरी आरोग्य प्राधिकरणही मोडीत काढले. सर्वात मोठ्या धोक्यावरचा उपाय मागे घेऊन टोपल्या वाटत राहिल्यास किती बाळे वाचतील, हा तिथला आजचा प्रश्न आहे.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडेही बाळ आईच्या कुशीतच झोपते. ब्रिटनमधील ब्रॅडफर्डच्या पाहणीत दक्षिण आशियाई कुटुंबांत एकत्र झोपण्याची पद्धत अधिक, तरीही असे मृत्यू कमी आढळले. तिथल्या माता क्वचितच धूम्रपान किंवा मद्यपान करतात. म्हणजे धोका केवळ एका अंथरुणाचा नाही. तरीही बाळरोगतज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे : पहिले सहा महिने बाळ आईच्या खोलीत, पण स्वतंत्र, घट्ट आणि सपाट जागी, उताणेच झोपवावे. डोक्याला आकार यावा म्हणून ठेवली जाणारी मोहरीची उशी, जाड दुलई, मऊ खेळणी बाजूला ठेवावीत. बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी घेणे टाळावे. घरात कुणीही विडी-सिगारेट ओढू नये. ही जबाबदारी एकट्या आईवर टाकून भागणार नाही.