पाणी कमी असताना सगळ्यांना थोडं थोडं? मला पटत नाही

परवा सव्वादोन एकर टोमॅटोतला ३० गुंठ्यांचा एक व्हॉल्व्ह कायमचा बंद केला. बांबू, तार, सुतळी, दोन बांधण्या झालेलं उभं पीक. आबा दिवसभर बोलले नाहीत. चूक झालीच माझी, पण वेगळी. हे तीन आठवडे आधी करायला हवं होतं.

हिशेब बघा. इकडं सिन्नरच्या पूर्व भागात मे महिन्यात आमची विहीर दिवसाला दोन तास चालते, मग मोटर हवा ओढते. दोनशे लिटरचा ड्रम ३६ सेकंदांत भरला. म्हणजे तासाला २० हजार, दिवसाला ४० हजार लिटर. आता ड्रिप. पाच फुटांवर लॅटरल, ४० सेंटिमीटरवर ४ लिटरचा ड्रिपर, म्हणजे ३० गुंठ्यांत साधारण पाच हजार ड्रिपर. एक व्हॉल्व्ह तासभर चालवला की २० हजार लिटर गेले, जमिनीत साडेसहा मिलिमीटर. या उन्हात फळावरच्या झाडाला एवढं लागतंच. तिन्ही व्हॉल्व्हला ६० हजार पाहिजेत, आहेत ४०.

मी काय केलं? तिघांना चाळीस-चाळीस मिनिटं. कुणावर अन्याय नको! फुलं गळाली, फळ बारीक राहिलं, बुडाला काळे डाग आले. दुकानदारानं कॅल्शियमच्या दोन बाटल्या दिल्या, त्याही मारल्या. अहो, कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चढतं. पाणीच तुटतंय तर बाटली काय करणार?

कृषीवाले मित्र म्हणतील, थोडा ताण चालतो. चालतो, पण वाढीच्या वेळी. फुलोऱ्यात आणि फळ धरताना नाही.

सोडला तो माथ्यावरचा मुरमाड तुकडा. तिथं पाणी थांबतच नव्हतं. त्याचे बांबू काढून ठेवलेत, पावसाळ्यात कामाला येतील. राहिलेल्या दोन व्हॉल्व्हला आता पुरा एक-एक तास, तोही लाईट दिवसाची असेल तर पहाटे नाहीतर रात्री जागून. सऱ्यांवर शेजारच्या उसाचं पाचट टाकलंय. नवीन फुलं टिकायला लागलीत. डाग पडलेली फळं मात्र तोडून टाकली, ती सुधारत नाहीत.

एक अजून. ड्रिपरखाली बाटली लावा. पंधरा मिनिटांत एक लिटर यायला पाहिजे. माझ्या शेवटच्या सरीत साडेसहाशे मिली आलं, म्हणजे तिथं एक तास हा एक तास नव्हताच. उद्या शेंड्याच्या गाठी सोडून लॅटरल धुवायचेत.