कॅमेऱ्याची पारख

सांगलीच्या पेठेतील जाणता व्यापारी हळकुंडाच्या झिलईवर भाव ठरवीत नाही. ते मोडून आतला रंग पाहतो. माफक किमतीचा डिजिटल कॅमेरा घेतानाही हीच पारख हवी. खोक्यावर ठळक छापलेला मेगापिक्सेलचा आकडा ही बरीचशी झिलईच. अल्बममधील ४ × ६ इंचांच्या छायाचित्रास दोन-तीन मेगापिक्सेलही पुरतात.

विचारावयाचे ते ऑप्टिकल झूमविषयी. डिजिटल झूम चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे सरकतात आणि बारकावा टिकतो. हा भेद साताऱ्याजवळच्या कास पठारावर तत्काळ कळतो. भाद्रपदात तेथे फुलांत पाऊल टाकणे म्हणजे एकेंद्रिय जीवांची विराधना. चांगला ऑप्टिकल झूम असल्यास पायवाट न सोडताही फुलांचे चित्र स्वच्छ येते.

अहिंसेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट जैन कुटुंबांनी जाणून घ्यावी. जुन्या फिल्मवरील लेपात जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन असे. डिजिटल कॅमेऱ्याला फिल्म लागत नाही. मात्र स्टुडिओत रसायनांनी धुऊन काढलेल्या प्रतींच्या कागदावर जिलेटिनचा लेप असतोच. सहलीची शंभर चित्रे सरसकट छापावयास देण्याआधी ती घरी पडद्यावर पाहून निवडलेली बरी.