सेकंदांची खैरात

शंकरपटात दुबळ्या जोडीला सेकंदांची सूट द्यावी, असा विचार अलीकडे आपल्या भागातील शिकल्या-सवरल्या मंडळींच्या तोंडी ऐकू येऊ लागला आहे. लाखो रुपये मोजून आणलेल्या जोडीने दाण जितक्या सेकंदांत कापली तितकेच सेकंद तिच्या नावावर मांडावेत. घरच्या गाईच्या गोऱ्ह्यांच्या जोडीच्या वेळेतून मात्र एक-दीड सेकंद वजा करावा आणि मग क्रम लावावा, अशी ही कल्पना. तिच्यामागील कळवळा खोटा नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या राज्याचा कायदा वैध ठरविला. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा आपण मध्य प्रदेशात राहिलो व आपले सोयरे मुंबई राज्यात गेले. पट पाहायला जाण्याची वाट मात्र तीच राहिली. त्या वाटेने भंडारा-गोंदियाकडे जाणाऱ्या कोणालाही विचारा, दाणीवर पैशाचे वजन वाढले आहे असेच तो सांगेल. दोन एकर धानाच्या धन्याने आपली जोडी घेऊन जावे आणि दुपारपर्यंत हिरमुसून परत यावे, हे कोणाला आवडेल?

परंतु कळवळा खरा असला म्हणजे उपायही खरा असतो, असे नाही. सुटीच्या या पुरस्कर्त्यांचा मुख्य आधार आहे तो परदेशी व शहरी दाखल्यांचा. घोड्यांच्या शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात. ग्लायडरच्या स्पर्धेत जुन्या विमानाला गुणांत सवलत मिळते. मग बैलांनीच काय पाप केले, असा त्यांचा सवाल आहे. दाखला दिला की वाद संपला, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. म्हणून ते दाखलेच आधी तपासून पाहू.

घोड्यांचा दाखला सर्वांत दुबळा. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ज्यांना हँडिकॅप शर्यती म्हणतात, त्यांत प्रत्येक घोड्याच्या पूर्वीच्या कामगिरीवरून त्याचे मानांकन ठरते आणि त्या प्रमाणात स्वाराबरोबर त्याने वाहायचे वजन ठरते. घोडा जिंकला की त्याचे मानांकन वाढते, हरत गेला की उतरते. हे वजन ठरविणाऱ्या अधिकाऱ्याचे आदर्श स्वप्न असे की, सगळे घोडे एकाच क्षणी अंतिम रेषेवर यावेत. म्हणजे उत्तम घोडा शोधून काढणे हा त्या शर्यतीचा हेतूच नव्हे! शर्यत अनिश्चित राहावी, पैजेचा बाजार गरम राहावा, हा तिचा हेतू. ऑस्ट्रेलियाच्या फार लॅप या विख्यात घोड्याने १९३० साली सुमारे साडेबासष्ट किलो वजन घेऊन मेलबर्न कप जिंकला. पुढल्या वर्षी त्याच्यावर अडुसष्ट किलो लादले आणि तो आठवा आला. तो दुबळा झाला होता काय? पराक्रमाबद्दल त्याला दंड झाला, एवढेच. आणि गंमत पाहा, ज्या शर्यतीला घोडेवाले स्वतः सर्वाधिक मान देतात, त्या १९४३ पासून महालक्ष्मीवर धावल्या जाणाऱ्या इंडियन डर्बीत हा प्रकार नाही. तेथे सारे घोडे सारखेच वजन वाहतात. घोडीला तेवढे थोडे कमी. खरी परीक्षा घ्यायची असते तेव्हा सूट बाजूला ठेवली जाते, हे आपल्या मंडळींनी सोयीस्करपणे विसरू नये.

ग्लायडरचा दाखला मात्र विचार करण्याजोगा आहे, आणि तो समजून घेण्यास थोडा धीर हवा. बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमाने आपण पाहिली आहेत, ती इंजिनाची. ग्लायडरला इंजिनाचे बळ नसते. दुसऱ्या विमानाच्या मागे दोराने बांधून, किंवा जमिनीवरील यंत्राने दोर ओढून त्याला वर नेतात आणि सोडून देतात. हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रामुळे पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांना हे दृश्य परिचयाचे झाले. सुटल्यापासून ते खालीच येऊ लागते. चैत्राच्या दुपारी धानाच्या मोकळ्या बांध्यांवर घार पंख न हलविता गिरक्या घेत वर चढते ना, तोच त्याचा आधार. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या झोतात शिरायचे, गोल फिरत उंची कमवायची आणि ती उंची खर्चून पुढचा झोत गाठायचा. स्पर्धेत शंभर-दोनशे, कधी त्याहूनही अधिक किलोमीटरची वाट आखून देतात. जो ती सर्वांत वेगाने पुरी करील तो जिंकला.

आता अडचण अशी की ग्लायडर सारखे नसतात. एक किलोमीटर उंचीवरून शांत हवेत जुने लाकडी ग्लायडर सुमारे तीस किलोमीटर जाईल, आजचे महागडे पन्नास जाईल. म्हणून काही गटांत प्रत्येक प्रकारच्या ग्लायडरला एक गुणक ठरवून दिलेला असतो आणि वैमानिकाच्या वेगाला त्या गुणकाने भागतात. जुन्या, तुलनेने स्वस्त ग्लायडरांच्या ‘क्लब’ गटाची पहिली जागतिक स्पर्धा २००१ साली ऑस्ट्रेलियातील गॉलर येथे झाली, ती याच तत्त्वावर. एकाने ताशी ९० किलोमीटरचा वेग काढला व त्याचा गुणक १.०० असला, आणि दुसऱ्याने ९६ चा वेग काढला पण गुणक १.०८ असला, तर दुसऱ्याचा हिशेबी वेग ८९ च्याही किंचित खाली येतो. पहिला जिंकतो.

हे घोड्यांच्या सुटीहून मुळातच वेगळे आहे, आणि तेथेच सुटीच्या पुरस्कर्त्यांची गफलत होते. ग्लायडरचा गुणक यंत्राला चिकटलेला असतो, माणसाला नव्हे. गतवर्षीचा विजेता त्याच ग्लायडरात पुन्हा बसला तर जिंकला म्हणून त्याचा गुणक वाढत नाही. एका साच्यातून निघालेली दोन ग्लायडरे इकडची तिकडे केली तरी जवळजवळ सारखीच उडतात. पंखांची लांबी मोजता येते, वजन करता येते. यंत्राचे ते यंत्राला देऊन टाकले की मागे उरते ते माणसाचे कसब, आणि स्पर्धेला तेच तोलायचे असते. यंत्र आणि कसब वेगळे करता येतात, म्हणून तेथे सुटीला न्यायाचा आधार आहे.

असे असूनही तो गुणक पुरता न्याय करू शकत नाही. माझे म्हणणे कोणी शब्दावर स्वीकारू नये. पाटी-पेन्सिल घेऊन पाहावे. शांत हवेत एका ग्लायडरचा सरासरी वेग ताशी १०० किलोमीटर व दुसऱ्याचा ९० आहे असे धरू. गुणक अनुक्रमे १.०० व ०.९०. दोघांचा हिशेबी वेग १००, म्हणजे बरोबरी. आता ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, आणि वाट वाऱ्याविरुद्ध १०० किलोमीटर जाऊन परत येण्याची आहे. वेगवान ग्लायडर जाताना ७० ने व येताना १३० ने जाईल. त्याची एकूण सरासरी ९१ येते. मंद ग्लायडर जाताना ६० ने व येताना १२० ने. त्याची सरासरी बरोबर ८०. तिला ०.९० ने भागा, ८८.९ येतात. (गिरक्या घेताना वारा वाहवत नेतो तो भाग सोपेपणासाठी सोडला आहे, तो धरला तर मंद ग्लायडरचा तोटा कमी होत नाही.) दोघेही सारख्याच कसबाने उडाले, दोघांनाही तोच वारा लागला, तरीही एक ताशी दोन किलोमीटरने हरला. चूक कोणाची? कोणाचीच नाही. गुणक शांत हवेचा होता आणि दिवस वाऱ्याचा होता.

वारा नसला तरी प्रश्न सुटत नाही. झोत दमदार असले की वेगात उडूनही फारशी उंची न गमावणाऱ्या नव्या ग्लायडरचे फावते. झोत अशक्त व अरुंद असले की हलके जुने ग्लायडर घारीसारखे लहान गिरकीत वर चढते आणि त्याला आपल्या गुणकाहून जास्त लाभ होतो. एकच आकडा दोन्ही दिवसांना कसा पुरावा? मंद वैमानिक वाटेवर अधिक वेळ असतो, म्हणजे उन्हे कलून झोत मरू लागतात तेव्हाही तो आकाशातच असतो. दोन झोतांमधले अंतर त्याच्या आवाक्याबाहेरचे असले तर तो कोणा शेतात उतरतो. उतरलेल्या माणसाला भागाकार कोणत्या आकड्याने करायचा? म्हणूनच ब्रिटनसारख्या देशांत काही स्पर्धांतून आता निराळी रीत वापरतात. शेवटी गुणांत वजाबाकी-भागाकार करण्यापेक्षा आरंभीच मंद ग्लायडरला कमी अंतराची वाट आखून देतात, म्हणजे सगळे साधारण एकाच वेळी, एकाच हवेत उडतात. त्यानेही सगळे मिटत नाही. परंतु कोणाला काय दिले आहे हे उड्डाणापूर्वी नकाशावर दिसते, आणि ती गोष्ट लहान नव्हे.

निकालानंतर आकड्यांना हात लावण्याचा मोह किती महागात पडतो हे क्रिकेटच्या शौकिनांना सांगायला नको. २२ मार्च १९९२ रोजी सिडनीला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. बारा मिनिटे पाऊस पडला आणि त्या वेळच्या नियमाने एका चेंडूत २१ उरल्या. तो नियमही न्याय करण्यासाठीच केलेला होता, पूर्वीच्या ढोबळ सरासरीवर उतारा म्हणून. डकवर्थ व लुईस यांची पद्धत १९९७ मध्ये वापरात आली ती या फजितीनंतर.

आता दाणीवर परत येऊ. बैल हे ग्लायडर नव्हे. तो साच्यातून निघत नाही, त्याच्यावर कारखान्याची पाटी नसते. आणि त्याचा वेग ही केवळ त्याच्या धन्याच्या पैशाची करणी नसते. गोऱ्हा निवडताना पाहिलेले खूर, त्याला घातलेली पेंड, पहाटे काढलेला सराव, जोडीदाराशी जमविलेले पाऊल, ऐन वेळी कासरा कधी सैल करायचा याची धुरकऱ्याला असलेली जाण, हे सारे त्या सेकंदांत मुरलेले असते. यांतून ‘पैसा’ तेवढा काढून त्याचा दीड सेकंद होतो असे म्हणणारा कोण ज्योतिषी? ज्याने घरच्याच गोऱ्ह्यांना तीन वर्षे राबून तयार केले, त्याची जोडी पहिली आली तर सुटीमुळे आली असे गावभर बोलले जाईल. त्याच्या मेहनतीचा मान या खैरातीनेच हिरावला जाईल. आणि ज्या गरीब माणसाने घरदार गहाण टाकून एक चांगला बैल विकत घेतला, त्याला श्रीमंतांच्या पंगतीत बसवून दंड करणार काय?

शिवाय ‘घरची जोडी’ कोणती हे ठरविणार कसे? आपल्याकडे सातबारा भाच्याच्या नावावर चढू शकतो, तर बैल चढणार नाही? पहिल्याच वर्षी लाखाचे बैल मेहुण्याच्या गोठ्यात बांधलेले दिसतील आणि दीड सेकंदाची सूट ज्याच्यासाठी ठेवली त्याला सोडून भलत्यालाच मिळेल.

याचा अर्थ दुबळ्यांसाठी काही करूच नये असा नव्हे. जे मोजता येते त्यावर गट पाडा. पश्चिम महाराष्ट्रातील शर्यतींत आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट करण्याची रीत आहे. बैलाचे तोंड उघडले की चारचौघांदेखत निकाल लागतो. तेथे मेहुण्याचे काही चालत नाही. कोवळ्या जोडीने कोवळ्या जोडीशीच धावावे, हे कोणालाही पटेल. गावच्या जोड्यांचा वेगळा गट ठेवा आणि त्याचे इनाम उरलेसुरले न ठेवता पहिल्या गटाच्या तोलाचे ठेवा. तो दुपारच्या भर गर्दीत सोडा, संध्याकाळी लोक नाटकाच्या मंडपाकडे वळल्यावर नको. वेगळा गट म्हणजे दुय्यम गट, असा आक्षेप मला ठाऊक आहे. तो दुय्यम होतो तो इनामाने आणि वेळेने, आणि ही दोन्ही पट भरविणाऱ्यांच्या हातांत आहेत. घड्याळ मात्र सर्वांना एकच असू द्या.

एवढ्यावरही ज्यांना सेकंद वजा करायचेच असतील त्यांनी ते खुशाल करावेत. फक्त पटाच्या आदल्या दिवशी मंडपापुढे फळा लावावा, त्यावर प्रत्येक जोडीसमोर तिला दिलेली सूट आणि ती देण्याचे कारण खडूने लिहावे, आणि धनी समोर उभा असताना ते मोठ्याने वाचून दाखवावे.