धूर डोळ्याने नव्हे, यंत्राने मोजा

आमच्या वस्तीतील एक टेम्पोवाले दादा परवा सांगत होते. सकाळी गाडी काढली, नाक्यावर शिट्टी वाजली, 'काळा धूर सोडतोस' म्हणून चलन झाले. यंत्र लावलेच नाही. दिवसाची कमाई गेली.

धुराची बाजू आम्ही घेणार नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली जाहीर केले आहे. हमरस्त्याच्या कडेला झोपणारी लेकरे आपलीच आहेत. पण दोष ठरवायचा तर तपासून ठरवावा. ऐकीव मानू नका, पारखून घ्या, हीच तथागतांची कालामांना शिकवण.

चाचणीची रीत अशी आहे. इंजिन तापलेले हवे. थंड इंजिन जास्त धूर सोडते. गाडी न्यूट्रलवर ठेवून ॲक्सिलरेटर पुरता दाबतात. पहिल्या दाबांनी नळीतील काजळी निघते, मग पुढच्या मोजणीची सरासरी धरतात. भारत स्टेज चारच्या आधीच्या गाडीला मर्यादा 65 हार्ट्रिज युनिटची, स्टेज चारला 50 ची. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 116 व्या नियमाप्रमाणे चाचणीचा हुकूम लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून हवा.

तेव्हा दादांनो, एअर फिल्टर व नोझल साफ ठेवा. पी.यू.सी. मुदतीत ठेवा, 2019 च्या कायदा-दुरुस्तीने दंड 10,000 रुपयांपर्यंत गेला आहे. आणि नाक्यावर विनयाने, पण ठामपणे विचारा : 'साहेब, आकडा किती आला?' बाबासाहेबांच्या घटनेतील 14 वे कलम रस्त्यावरही लागू आहे.