वीज तोडण्यापूर्वी सांगा, आणि मराठीत सांगा

वीज ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शहापूर-वडगावातील विणकराचा माग तिच्यावर चालतो, निपाणीतील विडी वळणाऱ्या भगिनीची मुले तिच्याच उजेडात अभ्यास करतात आणि खानापूर तालुक्यातील शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी तिच्याच बळावर वर येते. अशा वस्तूचा व्यवहार कोणत्या रीतीने व्हावा, हा प्रश्न अभियंत्यांनी आणि हिशेबनिसांनी आपापसात सोडविण्याचा नव्हे. तो नागरिकांच्या हक्काचा प्रश्न आहे. म्हणूनच आगाऊ पैसे भरून वीज घेण्याच्या, म्हणजे प्रीपेड स्मार्ट मीटरच्या योजनेविषयी सीमाभागातील मराठी जनतेने वेळीच विचार केला पाहिजे.

या योजनेमागील कारण खोटे नाही, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. वीज वितरण कंपन्यांची थकबाकी, चोरी आणि गळती यांचा भार शेवटी प्रामाणिक ग्राहकाच्याच डोक्यावर बसतो. ही गळती १२ ते १५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याच्या हेतूने केंद्र सरकारने २०२१ साली तीन लाख कोटींहून अधिक रुपयांची योजना मंजूर केली आणि देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचा संकल्प सोडला. या मीटरचे आकडे मोबाइलच्या जाळ्यातून थेट कंपनीच्या कचेरीत जातात. आकडे टिपणारा माणूस दारी येण्याचे कारण उरत नाही. अंदाजपंचे बिलाची तक्रारही उरू नये. शिवाय प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून अनामत रक्कम मागता येणार नाही, असे २००३ च्या वीज कायद्याचे ४७ वे कलम सांगते. हे लाभ लहान नव्हेत. ज्याला ते हवे असतील त्याने ते खुशाल घ्यावेत.

परंतु याच मीटरची दुसरी बाजूही आहे. जो मीटर कचेरीत बसल्या जागी वाचता येतो, तो कचेरीत बसल्या जागी बंदही करता येतो. खात्यातील शिल्लक संपली की घर काळोखात! पूर्वी वीज तोडण्यासाठी कंपनीचा माणूस खांबापाशी यावा लागे. त्याला चार शब्द सांगता येत, दोन दिवसांची मुदत मागता येई. नव्या यंत्राला ना कान आहेत, ना डोळे. घरात आजारी माणूस आहे, उद्या मुलीची परीक्षा आहे, मागाची मजुरी शनिवारी मिळायची आहे, हे त्याला कोणी सांगावे?

येथे प्रश्न केवळ दयेचा नाही, कायद्याचा आहे. याच कायद्याच्या ५६ व्या कलमाने थकबाकीदार ग्राहकालाही पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस मिळण्याचा हक्क दिला आहे. बिल वादग्रस्त असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी आणि वादाचा निकाल लागेपर्यंत दिवा चालू ठेवावा, अशी सोयही त्यातच आहे. म्हणजे आधी सूचना, मग सुनावणी आणि सर्वांत शेवटी तोडणी, हा न्यायाचा क्रम होता. प्रीपेड व्यवहारात तो उलटा होतो. पैसे आधीच कापलेले असतात, वीज आधीच गेलेली असते आणि ग्राहकाने काळोखात बसून तक्रार लिहावयाची असते. आधी शिक्षा आणि मागाहून चौकशी, हा कोणत्या राज्याचा न्याय?

ही भीती काल्पनिक नाही. सयाजीरावांच्या बडोद्यात, जेथे मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत, तेथे मे २०२४ मध्ये भरलेले पैसे भराभर संपतात म्हणून सामान्य नागरिक रस्त्यावर उतरले. अखेर नव्या मीटरशेजारी जुना ठेवून दोहोंचे आकडे ताडून दाखविण्याची तयारी अधिकाऱ्यांना दर्शवावी लागली. पाठोपाठ जून २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानेही सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत, असे जाहीर केले. जनमत जागे असले म्हणजे काय घडते, याची ही दोन उदाहरणे आहेत. कर्नाटकात २०२५ च्या आरंभी नव्या जोडण्यांसाठी स्मार्ट मीटर आले. पूर्वी हजाराच्या आत मिळणाऱ्या मीटरला पाच हजारांच्या घरात पैसे पडू लागले, म्हणून तेथेही गदारोळ उठला. बेंगळुरात जे सुरू होते ते बेळगावच्या वेशीपर्यंत यावयास फार दिवस लागत नाहीत.

आणि वेशीपाशी आल्यावर आमच्या वाट्याला या प्रश्नाची आणखी एक धार येते. ती भाषेची. शिल्लक संपत आल्याचा संदेश मोबाइलवर येईल, असे सांगण्यात येते. तो कोणत्या भाषेत येईल? सरकारी कागद न समजणाऱ्या भाषेत हाती पडतो, ही सीमावासीयांची १९५६ पासूनची व्यथा आहे. आजवर निदान कागद हाती असे. तो शेजारच्या जाणत्या माणसाकडे नेता येई आणि उलगडा करून घ्यावयास १५ दिवस असत. आता संदेश क्षणात येणार आणि वीज काही तासांत जाणार! ज्या सूचनेचा अर्थ ग्राहकाला कळत नाही ती सूचना दिलीच नाही, असेच समजले पाहिजे. १९५६ साली केंद्राने मान्य केलेल्या भाषिक संरक्षणांत, जेथे अल्पसंख्य भाषिक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे म्हटले आहे. वीज जाणार आहे याहून घरासाठी महत्त्वाची सूचना ती कोणती?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ग्राहकाच्या लेखी संमतीवाचून त्याच्यावर प्रीपेड मीटर लादू नये. शिल्लक संपण्यापूर्वी पुरेसे दिवस आधी, एकदा नव्हे तर वारंवार, सूचना द्यावी. रात्री, सणासुदीला, सुटीच्या दिवशी आणि घरात रुग्ण असता वीज मुळीच तोडू नये. मोबाइल नसलेल्यासाठी कागदी सूचना आणि रोख पैसे भरण्याची खिडकी कायम ठेवावी. मागणी होताच शेजारी पडताळणीचा मीटर बसवावा. मीटरच्या किमतीचा बोजा ग्राहकावर टाकू नये. आणि सीमाभागात संदेश, बिल, तक्रारीचा अर्ज आणि त्याचे उत्तर, हे सर्व मराठीतही मिळाले पाहिजे. राज्यघटनेचे ३५० वे कलम तर गाऱ्हाणे राज्यात किंवा संघराज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला देते. तो हक्क वीज कचेरीच्या दारात संपत नाही.

सीमाबांधवांनो, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात मांडलेला दावा आपल्या भवितव्याचा आहे. त्याच्या निकालाची वाट पाहताना रोजच्या जीवनातील हक्क वाऱ्यावर सोडावयाचे नसतात. उलट, रोजच्या बिलात आणि अर्जात जो आपली भाषा सोडतो, त्याचा मोठा दावाही दुबळा होतो. तेव्हा नवा मीटर घेऊन कोणी दारी आला तर आधी विचारा, हा प्रीपेड आहे काय, आणि उत्तर लेखी मागा. ते मराठीत मागा. वीज देणाऱ्याने पैसे जरूर घ्यावेत. पण दिवा विझविण्यापूर्वी घरच्या माणसाला, त्याला समजेल अशा शब्दांत, सांगितलेच पाहिजे. एवढे सौजन्य आम्ही भीक म्हणून मागत नाही. तो आमचा हक्क आहे.