विश्लेषण : मेस्सी येऊन गेला; फुटबॉलचा प्रेक्षक टिकणार का?

१४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी मुंबईत वानखेडे स्टेडियमवर आला, सचिन तेंडुलकरने त्याला आपली दहा नंबरची जर्सी दिली आणि राज्यभरातल्या मोबाइलवर दोन दिवस दुसरे काही दिसले नाही. बरोबर सहा दिवस आधी, ८ डिसेंबरला, देशातील सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा चालवण्याचा १५ वर्षांचा करार संपला होता. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, तेव्हा बंद होती आणि खेळाडू घरी बसून होते. त्याची चर्चा मात्र फारशी कुठे झाली नाही.

मेस्सीला पाहायला हजारो रुपयांचे तिकीट काढणारा प्रेक्षक आणि आपल्याच राज्यातील क्लबचे सामने कधी आहेत हे माहीत नसलेला प्रेक्षक अनेकदा एकच असतो. मग महाराष्ट्रात, खान्देशात फुटबॉलचा चाहता खरोखर वाढतोय की फक्त मोठ्या प्रसंगापुरता दिसतोय? ११ जूनपासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत विश्वचषक सुरू होत आहे. त्याआधी हा प्रश्न समजून घेऊ.

‘टिकाऊ चाहता’ म्हणजे कोण?

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रामुळे आपल्याकडे विजेचे गणित अनेकांना ठाऊक असते. विजेची एक मागणी दिवसरात्र कायम असते. दुसरी संध्याकाळी काही तास उसळते आणि खाली येते. खेळाच्या प्रेक्षकांचेही तसेच आहे. विश्वचषक, मेस्सीचा दौरा ही उसळी. पण खेळ चालतो तो कायम असणाऱ्या मागणीवर. आपला संघ हरत असतानाही पुढच्या आठवड्यात सामना पाहणारा, मोठा खेळाडू निघून गेल्यावरही थांबणारा आणि पोराला मैदानावर पाठवणारा माणूस म्हणजे टिकाऊ चाहता.

उसळीचा आकडा मोठा असतो, यात शंका नाही. १८ डिसेंबर २०२२ चा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना जिओ सिनेमावर ३.२ कोटी लोकांनी पाहिल्याचे कंपनीने जाहीर केले होते. तो सामना मोफत होता आणि भारतात रात्री साडेआठला सुरू झाला होता. यंदाचा अंतिम सामना भारतीय वेळेनुसार १९ जुलैच्या मध्यरात्रीनंतर साडेबाराला आहे. बरेचसे सामने मध्यरात्र ते सकाळ या वेळेत होतील. हौशी आणि पक्का प्रेक्षक कोण, ते तेव्हा थोडेफार कळेल.

अमेरिकेत याचे उत्तर काय मिळाले?

फुटबॉलला ‘सॉकर’ म्हणणाऱ्या या देशात हाच प्रश्न पन्नास वर्षे विचारला जात आहे. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळायला गेला. ऑगस्ट १९७७ मध्ये कॉसमॉसच्या एका सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक आले. सॉकरने अमेरिका जिंकली, असे तेव्हा वाटले. त्याच वर्षी पेले निवृत्त झाला आणि १९८४ च्या हंगामानंतर ती लीगच बंद पडली. क्लबांनी ताऱ्यांवर पैसे उधळले होते. खालचा पाया कोणी बांधला नव्हता.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेत झाला. ३५ लाखांहून अधिक प्रेक्षक मैदानात आले. त्यातून १९९६ मध्ये १० संघांची मेजर लीग सॉकर सुरू झाली. तीही पाचसहा वर्षांत डबघाईला आली आणि २००२ च्या सुरुवातीला दोन संघ बंद करावे लागले. पण या वेळी मोजक्या मालकांनी तोटा सोसून लीग चालू ठेवली. अमेरिकन फुटबॉलची अवाढव्य मैदाने सोडून छोटी, स्वतःची मैदाने बांधली. पहिले असे मैदान १९९९ मध्ये कोलंबस शहरात उभे राहिले. बेकहॅम २००७ मध्ये आला, मेस्सी २०२३ मध्ये. म्हणजे तारे आले ते लीग उभी राहिल्यानंतर. आज या लीगमध्ये ३० संघ आहेत.

चाहता पक्का झाल्याची खूणही कोलंबसमध्येच दिसली. २०१७ मध्ये मालकाने संघ टेक्सासमधील ऑस्टिन शहरात हलवण्याचे ठरवले. गावातले चाहते रस्त्यावर उतरले, वर्षभर मोहीम चालवली, नवे मालक मिळाले आणि संघ तिथेच राहिला. २०२० मध्ये त्याच संघाने विजेतेपद मिळवले.

तरीही सॉकर तिथे पहिल्या क्रमांकाचा खेळ झालेला नाही. २०२३ च्या अखेरीस झालेल्या गॅलप पाहणीत ‘पाहायला सर्वात आवडता खेळ’ म्हणून ४१ टक्के अमेरिकनांनी अमेरिकन फुटबॉलचे नाव घेतले, सॉकरचे ५ टक्के लोकांनी. थोडक्यात, चाहता टिकला, पण त्याला तीस वर्षे लागली आणि तो टिकला कारण लीग बंद पडली नाही.

महाराष्ट्रात क्लब का टिकत नाहीत?

फुटबॉल आपल्याकडे नवा नाही. मुंबईत रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला. कूपरेज मैदानावर तो पाहायला पिढ्यान्‌पिढ्या गर्दी होत असे. २०००-०१ नंतर ही स्पर्धा बंद झाली. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी असे एकामागोमाग क्लब आले. आज त्यातला एकही वरच्या स्तरावर नाही. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आयएसएलसोबत सुरू झाला आणि २०१९ मध्ये संपला.

समजा २०१४ मध्ये दहा वर्षांच्या मुलाने पुणे सिटीची जर्सी घेतली. तो दहावीला जाण्याआधीच क्लब उरला नाही. मग त्याने बार्सिलोना किंवा मँचेस्टर युनायटेडचा झेंडा धरला, तर दोष कोणाला देणार? ते क्लब शंभर वर्षे जागेवर आहेत.

उरला मुंबई सिटी एफसी. २०२०-२१ मध्ये साखळी आणि चषक दोन्ही, २०२२-२३ मध्ये साखळी आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा चषक, अशी त्याची कामगिरी आहे. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये या क्लबमध्ये मोठा हिस्सा घेतला होता. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस तोही बाहेर पडला. कारण दिले ते आयएसएलच्या अनिश्चित भवितव्याचे.

आयएसएलवर ही वेळ का आली?

स्पर्धा चालवणाऱ्या कंपनीचा महासंघाशी झालेला करार संपत आला, नवा ठरला नाही, म्हणून जुलै २०२५ मध्येच हंगाम थांबवला गेला. महासंघाने व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली. नोव्हेंबरपर्यंतच्या मुदतीत एकही बोली आली नाही. जानेवारीच्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंनी व्हिडिओतून थेट फिफाला हस्तक्षेपाची विनंती केली. त्यानंतर ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून १४ क्लबांची स्पर्धा होईल, असे जाहीर केले. प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळणार, म्हणजे एकूण ९१ सामने.

बोली का आली नाही, याचे उत्तर प्रेक्षकांत आहे. २०१४ मध्ये पहिल्या हंगामात सामन्यागणिक सरासरी २० हजारांच्या वर लोक येत. पुढे हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. सुरुवातीला देल पिएरो, पिरेससारखे निवृत्तीला आलेले तारे होते. ते गेले तसा नवलाईचा प्रेक्षकही गेला. कॉसमॉसची गोष्ट आपल्याकडे पुन्हा घडली.

त्यात राष्ट्रीय संघाची घसरण. भारतीय पुरुष संघ २०२७ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला नाही. नोव्हेंबरमध्ये बांगलादेशकडून हरला आणि क्रमवारीत १४२ वर गेला. महिला संघ मात्र मैदानावर पात्रता मिळवून मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आशियाई चषक खेळणार आहे. ती बातमी किती जणांच्या मोबाइलवर पोहोचली, हा वेगळा प्रश्न.

मुंबईचा प्रेक्षक बोलावल्यावर येतो, हेही खरे. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवले, तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. छेत्रीने हात जोडून ‘आम्हाला शिव्या द्यायला तरी मैदानात या’ अशा अर्थाचे आवाहन केले आणि पुढच्या सामन्याची सारी तिकिटे संपली. पण दर सामन्याला कर्णधाराने हात जोडायचे, ही काही व्यवस्था नव्हे.

मग कोल्हापुरात वेगळे काय आहे?

कोल्हापुरात हात जोडावे लागत नाहीत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने पाहायला हजारो लोक तिकीट काढून बसतात. टीव्हीवरचे तारे तिथे नसतात. खेळाडू पेठेतला, गल्लीतला असतो. जोडीला एखाददुसरा परदेशी खेळाडू आणलेला असतो. संघ तालमीचा, म्हणजे मुळात कुस्तीच्या आखाड्याचा. आजोबा ज्या तालमीचे, नातूही त्याच तालमीचा. मालक कंटाळून निघून जाईल, असा प्रश्नच येत नाही, कारण मालक पेठच आहे.

या ईर्ष्येची दुसरी बाजूही आहे. समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे स्पर्धा थांबवाव्या लागल्या आहेत. पण २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातून निघाला. मैदानाभोवती रोज खेळ पाहणारे लोक असले की खेळाडू निघतात, हे त्यातून दिसते.

खान्देशात चित्र काय?

जळगाव, धुळ्यात मेस्सी-रोनाल्डोच्या जर्सी रस्त्यावरच्या कपड्यांच्या ढिगातही मिळतात. रात्री तासावर मिळणारी टर्फ झाली आहेत, पण तिथे बॉक्स क्रिकेट जास्त चालते. आयएसएलचे सर्वात जवळचे मैदान अंधेरीला, जळगावपासून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे आपला फुटबॉल चाहता हा प्रामुख्याने मोबाइलवरचा चाहता आहे.

खेळणाऱ्या मुलांची वाट शाळेतून जाते. सुब्रतो चषकासारख्या स्पर्धेत शाळेचा संघ आधी जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य असा पुढे जातो. अडचण अशी की या स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. पहिलाच सामना हरलात, तर वर्षाची तयारी तासाभरात संपते. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यामुळे पालक खेळू देतात. पण प्रमाणपत्र हाती आले की बूट माळ्यावर जातात. बारावीनंतर नीट, जेईई किंवा भरतीची तयारी सुरू होते. अठराव्या वर्षी खेळायला गावात लीग नसते आणि पाहायला गावचा संघ नसतो.

सरकारी प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ म्हणून एकाच दिवशी राज्यातील दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. शाळांना चेंडू वाटले गेले. त्या दिवशी पाचवीत असलेले मूल आज अठरा-एकोणीस वर्षांचे आहे. त्यातली किती मुले आज खेळतात, हे आपापल्या गावाच्या मैदानावर जाऊन पाहता येईल.

आता मेस्सीच्या उपस्थितीत ‘प्रोजेक्ट महादेवा’ सुरू झाला आहे. १३ वर्षांखालील मुला-मुलींची राज्यभरातून निवड करून त्यांना पाच वर्षे शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण, अशी ही योजना. एक दिवसाऐवजी पाच वर्षे, हा फरक महत्त्वाचा आहे. मात्र निवड होणार ६० जणांची. न निवडलेल्या हजारो मुलांसाठी जिल्ह्यात वर्षभर सामने हवेत. ते नसतील, तर उद्याचा खेळाडूच नव्हे, उद्याचा प्रेक्षकही तयार होत नाही.

निष्कर्ष काय काढायचा?

महाराष्ट्रात फुटबॉलचे प्रेम आहे, यावर वाद नको. पण कोल्हापूर वगळता ते बहुतांशी परदेशी क्लब आणि मोठ्या नावांवरचे प्रेम आहे. अमेरिकेतही आधी तसेच होते. तिथे उत्तर बदलले ते पेलेमुळे नव्हे, तर पेले गेल्यानंतर वीस वर्षांनी उभी राहिलेली लीग पडत-झडत चालू राहिल्यामुळे.

कबड्डीचे उदाहरण तर घरचेच आहे. प्रो कबड्डी आयएसएलच्याच वर्षी, २०१४ मध्ये सुरू झाली. तिचा प्रेक्षक लीगने शून्यातून तयार केला नाही. तो गावोगावच्या मैदानांवर आधीपासून होता.

म्हणून जुलैमध्ये विश्वचषकाचे किती व्हिडिओ पाहिले गेले, हा आकडा फार काही सांगणार नाही. १४ फेब्रुवारीनंतर आयएसएल खंड न पडता पार पडते का, पुढच्या हंगामाची तारीख वेळेत जाहीर होते का आणि जळगाव-धुळ्यातल्या शाळेच्या संघाला वर्षाला दोनऐवजी पंधरा सामने मिळतात का, याकडे लक्ष ठेवायला हवे. यातले शेवटचे काम मुंबई-दिल्लीच्या करारावर अवलंबून नाही. जिल्हा क्रीडा संकुल, चार शाळा आणि रविवारची सकाळ, एवढ्यावर ते सुरू होऊ शकते.