परस्परशिक्षणाची परीक्षा कोठें घ्यावी?

निरनिराळ्या आरोग्यव्यवसायांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवावें, या मताचा अलीकडे बराच बोलबाला झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं त्याचा आराखडाच प्रसिद्ध केला. भावी डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते यांनीं एकमेकांविषयीं, एकमेकांपासून व एकमेकांसह शिकावें, असा त्याचा मथितार्थ. या तत्त्वाशीं आमचें भांडण नाहीं. हें शिक्षण सफल झालें कीं नाहीं हें ज्या रीतीनें ठरविण्यांत येतें, तिच्याशीं आहे.

एक दिवसाचें शिबिर भरतें, व्याख्यानें होतात, आणि अखेरीस विद्यार्थ्यांच्या हातीं प्रश्नपत्रक येतें: एकत्र शिकणें आपणांस उपयुक्त वाटलें काय? समोर गुरुजन उभे असतां 'नाहीं' कोण लिहिणार? पंगतींत बसलेल्या पाहुण्यानें यजमानापाशीं स्वयंपाकाची तारीफ करावी, त्यांतलाच हा प्रकार. मनाचा कल मोजण्यासाठीं इंग्लंडांत पार्सेल व ब्लाय यांनीं १९९९ सालीं एक मोजपट्टी बनविली. ती त्या कामापुरती ठीक आहे. पण उत्साह मोजून रोग्याचें हित मोजल्याचा आव आणणें, याला आम्ही मूल्यमापन म्हणत नाहीं. कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनीं २०१३ सालीं प्रत्यक्ष सेवेवरील परिणाम मोजणारे अभ्यास निवडले, तेव्हां कसोटीस उतरलेले भरले अवघे १५! त्यांतील ७ अनुकूल, ४ संमिश्र, ४ निष्फळ. एवढ्यावर कोणी गुढ्या उभारूं नयेत, आणि ही कल्पना मोडींतही काढूं नये.

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे निघालें कीं करमाड लागतें. वाटेंत शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे. तेथील एखाद्या मजुरास मधुमेह असतां क्षय झाला, अशी कल्पना करा. त्याला निदान सहा महिने औषधें घ्यावयाचीं. त्यांतील रिफाम्पिसिन मधुमेहाच्या कित्येक गोळ्यांचें बळ कमी करतें, साखर वाढते. हें डॉक्टरानें ओळखावें, औषधनिर्मात्यानें दोन्ही चिठ्ठ्या शेजारीं ठेवून पाहाव्या, परिचारिकेनें आहाराची चौकशी करावी; आणि मळमळतें म्हणून त्यानें गोळ्याच सोडल्या आहेत, ही वार्ता तर बहुधा आशा ताईलाच आधीं लागते. ती वार्ता डॉक्टरपर्यंत किती दिवसांत पोंचली? पोंचल्यावर कोणी ऐकून घेतली काय? आमचें प्रश्नपत्रक एवढ्या दोन प्रश्नांचें आहे.

यासाठीं नवी इमारत नको. नाशिकचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ सालीं स्थापन झालें; वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या त्याच्याच छत्राखालीं नांदतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें खेड्यांतील कांहीं कुटुंबें दत्तक घ्यावींत, असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगानें केलेलाच आहे. परिचर्येच्या विद्यार्थिनीही गृहभेटींस जातात. मात्र दोघांची एका उंबऱ्यावर गांठ सहसा पडत नाहीं. वेळापत्रकें निराळीं, परीक्षक निराळे, कायदेही निराळे: औषधव्यवसायाचा १९४८ चा, वैद्यकाचा २०१९ चा, परिचर्येचा २०२३ चा.

कोणी म्हणेल, रोगी बरा होण्याच्या आड दारिद्र्य, अंतर, मजुरी बुडण्याचें भय अशा शंभर गोष्टी येतात. त्यांचें अपश्रेय शिक्षणावर कां लादावें? आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच रोगी बरा झाला काय, एवढेंच आम्ही विचारीत नाहीं. बातमी कोणाकडून कोणाकडे गेली, चिठ्ठी कोणी दुरुस्त केली, हें विचारतों, आणि तें तर या मंडळींच्याच हातचें आहे. एकाच कुटुंबाकडे तिघांस मिळून पाठवा, शेजारच्या गांवीं पूर्वींप्रमाणें एकेकास पाठवा, आणि वर्षानें दोन्हीकडील नोंदवह्या ताडून पाहा. आशा ताईलाही परीक्षक म्हणून बसवा. तिच्या सहीवांचून एकाही विद्यार्थ्यास गुण मिळूं नयेत.